थंडी गाडी

कुणाच्या दारात गाडी उभी दिसली की माझा हात आपोआप तिच्या बोनेटवर जातो. लग्नाचा मांडव असो की मयत, माझं हे चालूच. लोकांना वाटतं, बाईला गाड्यांचा भारी नाद. नाद कसला, खोड आहे ती, आणि बाबांनी लावलेली आहे. गाडी थंड आहे की गरम, एवढंच मला बघायचं असतं.

बाबांचा एकच ट्रक होता. वलगावला आमच्या घरासमोरच्या आवारात उभा असायचा, जुन्या बांध्याचा, पुढे नाक असलेला. संत्र्याच्या दिवसांत संत्री, कापसाच्या दिवसांत गाठी, एरवी मिळेल तो माल घेऊन बाबा अकोल्याला जात आणि संध्याकाळी परत येत. पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख वेगळ्याच कारणाने होती. कोणाला जुना ट्रक घ्यायचा असला, किंवा जुना देऊन दुसरा घ्यायचा असला, की लोक बाबांना इंजिन बघायला नेत. आणि शाळेला सुट्टी असली की बाबा मला नेत. पोरीले कशाले आनता, असं कोणी विचारलं की म्हणत, "तिची जीभ पाह्यली नाई तुमी. भाव पाडाले कामी येते." हे अगदीच खोटं नव्हतं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. जायचं ते पहाटेच, मालकाची आंघोळ व्हायच्या आत. पोचल्याबरोबर इंजिनाला तळहात लावायचा. गरम लागलं तर तिथूनच मागे फिरायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही. कारण तापलेलं इंजिन सगळं झाकतं. झिजलेल्या रिंगा, सकाळचा निळा धूर, थंडीत सेल्फ मारून मारून न उठणारी गाडी, यातलं काहीच मग दिसत नाही. विकणाऱ्याने आधी गुपचूप एक चक्कर मारून आणली की म्हातारी गाडी तरणी दिसायला लागते. हात थंड लागला तरच पुढची तपासणी. ऑइलची पट्टी काढून ऑइल दोन बोटांत चोळायचं, कचकच लागते का बघायचं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची साय आली आहे का बघायचं. गाडी चालू झाली की ऑइल टाकायचं झाकण ढिलं करायचं. ते थडथड उडायला लागलं आणि आतून धूर आला तर इंजिन आतून गेलेलं. सगळ्यात शेवटी एक लांब लोखंडी सळई. तिचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाच्या पाठीमागच्या हाडाला. डोळे मिटून बाबा ऐकत राहत, आणि तेवढा वेळ आजूबाजूचे सगळे श्वास धरून उभे असत.

"माणूस तापला का खरं बोलते," ते म्हणत. "गाडी थंडी असली का खरं बोलते."

बाबा गेले तेही गाडीतच. दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. पहाटे अकोल्याला निघालेले. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांनी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, अगदी व्यवस्थित, पार्किंगचे दिवे लावून. छातीत दुखायला लागलं असणार. इंजिन बंद करायचं मात्र राहून गेलं. जवळ एक पंक्चरचं दुकान होतं. दुकानवाल्याच्या कानावर सकाळपासून तो आवाज पडत होता, आणि त्याला वाटत होतं की ड्रायव्हरने जराशी झोप काढली असेल. रस्त्यावरून बस गेल्या, ट्रक गेले, शाळेची पोरं गेली. दुपारी त्याने जाऊन केबिनचं दार वाजवलं. मला फोन त्यानेच केला. पुढे मी मुद्दाम त्याला भेटायला गेले तेव्हा तो माझ्याकडे न बघता बोलला.

"ताई, चाबी मीच बंद केली. गाडी गरम होती. माणूस थंडा होता."

ते वाक्य माझ्या मागे लागलं ते लागलंच. भाजी चिरताना, ऑफिसात फायली बघताना, कुठेही ते ऐकू यायचं. मी अमरावतीला सरकारी नोकरीत आहे, एकटी राहते, भित्री नाही. पण त्या दिवसांत कोणाचा ट्रक कडेला इंजिन चालू ठेवून उभा दिसला की मी माझी छोटी कार थांबवून आत माणूस हलतो का ते बघायचे. दोन-चार ड्रायव्हरांच्या शिव्याही खाल्ल्या. मीही दिल्या.

ट्रक नातेवाइकांनी आणून आवारात उभा केला आणि आई त्या घरात एकटी राहायला लागली. माझ्याकडे चल म्हटलं की एकच उत्तर. "गाडी दारात उभी हाय तवर मी कशी येऊ?" त्यातच एक दिवस ती नळापाशी चक्कर येऊन पडली. बराच वेळ तशीच पडून होती. नळ वाहतोय आणि बंद का करत नाहीत म्हणून भांडायला शेजारीण आली, तेव्हा कळलं. मी ते ऐकलं आणि मनात एकच आलं. नवरा इंजिन चालू ठेवून गेला, बायको नळ चालू ठेवून जाणार, आणि आजूबाजूच्यांना वाटणार की सगळं ठीक चाललं आहे. आईला त्या घरातून काढायचंच, हे मी त्याच दिवशी ठरवलं. त्यासाठी आधी ट्रक विकायला हवा होता.

मला वाटलं, सोपं आहे. बाबांची गाडी, बाबांनी राखलेलं इंजिन. हातोहात जाईल.

पहिलं गिऱ्हाईक चांदूर बाजारचं, संत्र्याचा व्यापारी. त्याला मीच पहाटे यायला सांगितलं होतं. मी अमरावतीहून पोचले तेव्हा तो आवारात उभा होता आणि त्याचा हात इंजिनावर होता. त्याने हात काढला, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. ते हसू मला अजून आठवतं.

"ताई, तुमच्या बाबांनी मले शिकवलं, आन् तुमीच मले फसवून राह्यल्या काय?"

"काय फसवलं?"

"गाडी गरम हाय ना. सकायीच चालू केली."

मी त्याला बाजूला करून हात लावला. इंजिन गरम होतं. चटका बसेल असं नाही, पण कोमट. खालच्या अंगाला चांगलंच. अंगावरून पांघरूण नुकतंच काढलेल्या माणसाच्या पाठीसारखं. मी आईला हाक मारली. आई चहा घेऊन बाहेर आली. कोणी चालू केली होती का गाडी, असं विचारलं तर म्हणाली, "कोनी नाई." व्यापाऱ्याने चहा घेतला नाही. नियमाचा पक्का निघाला, बाबांचाच चेला.

मला वाटलं, शेजारचं कोणीतरी पोरगं मस्ती करत असेल. मी किल्ली पर्समध्ये टाकून अमरावतीला घेऊन गेले. पुढच्या रविवारी अकोल्याचा एक दलाल आला. जुने ट्रक घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा त्याचा जन्माचा धंदा. केस पांढरे झालेले, बोलणं कमी. त्यानेही आधी हात लावला. मग नाक वर करून हवेचा वास घेतला. ट्रकखाली वाकला, उठला, पुन्हा हात लावला.

"किल्ली माझ्यापाशी आहे," मी त्याने काही विचारायच्या आधीच म्हणाले. पर्स उघडून दाखवलीसुद्धा.

"असन," तो म्हणाला. "पन गरम गाडी मी घेत नाई. परत कवा येऊ ते सांगा."

तो गेल्यावर मी आवारात उभी राहिले. गावात नुकत्याच चुली पेटल्या होत्या, हवेत धुराचा वास होता. बॅटरी जागेवर होती, किल्ली माझ्या हातात होती आणि गाडी गरम होती. मी वायरमनला बोलावलं, बॅटरीच काढून घेतली आणि माझ्या कारच्या डिक्कीत घालून अमरावतीला आणली. आई दारात उभी राहून सगळं बघत होती. 

एव्हाना गावात बोलणं सुरू झालं होतं. गावाला काय, तोंडाला कुलूप थोडंच असतं. शेजारीण मला हळूच म्हणाली, "ते गाडी झोपतच नाई म्हनते बाई." आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. बाबा म्हणायचे, "इतकी वर्सं मेळघाटातून गाडी आनली, एकही भूत हात दाखवून आडवं आलं नाई. आडवा येते तो नाक्यावाला." मी शेजारणीला चांगलं खडसावलं. पण घरी आल्यावर त्या बॅटरीकडे बघत बसले.

मग एका सकाळी, कोणालाही न सांगता, मी एकटीच वलगावला गेले. उजाडायला लागलं होतं. धुकं होतं. आवाराचं फाटक मी आवाज न करता उघडलं. ट्रकवर दव पडलं होतं. काच ओली, आरसे ओले, दाराच्या मुठीवरून थेंब लोंबत होते. म्हणजे रात्रभर त्याला कोणी शिवलं नव्हतं. मी बोनेट उचललं. बॅटरीची जागा रिकामी होती, तारा सुटून लोंबत होत्या. मी हात लावला.

गरम होतं.

मी हात काढला नाही. काढता येईना. त्या पत्र्याखाली काहीही हलत नव्हतं, आवाज नव्हता, आणि तरी ते ऊन होतं. मला एकदम वाटलं की आत्ता मी मान वर करून काचेतून बघितलं तर सीटवर बाबा दिसतील, रात्रभर बसून इंजिन निवायची वाट बघणारे. लांबून आले की ते लगेच गाडी बंद करत नसत. थोडा वेळ चालू ठेवून केबिनमध्येच बसत, आणि तो आवाज ऐकून आई आत तवा ठेवत असे. मी मान वर केली नाही.  मी बोनेट तसंच टाकलं, कारमध्ये बसले आणि आईला न भेटता परत आले. सरकारी नोकरीतली, कोणाच्या बापाला न भिणारी बाई, आपल्याच बापाच्या गाडीला भिऊन पळाली.

दलालाला मी फोन केला आणि पहिल्यांदाच कोणाजवळ तरी खरं बोलले. बॅटरी नाही, किल्ली नाही, तरी गाडी गरम आहे. तो हसला नाही. 

"ताई, तुमी एक रात मुक्काम करा तिथं," तो म्हणाला. "गाडीजवय नोका झोपू. आईजवय झोपा."

मला वाटलं, मी भिईन म्हणून सांगतो आहे. राग आला, पण त्या शनिवारी मी मुक्कामाला गेले. आईशेजारी गादी टाकली. रात्री काहीही झालं नाही. दिवसभराच्या दगदगीने मी मेल्यासारखी झोपले. जाग आली ती वासाने. धुराचा वास, जवळून येणारा. बाहेर कोंबडे आरवत होते. मी हात लांब केला तर आईचं अंथरूण रिकामं होतं.

दार उघडंच होतं. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि बघितलं. ट्रकच्या पोटाखाली लाल उजेड होता. हळूहळू वाढायचा, मंद व्हायचा, परत वाढायचा. इंजिन बंद, सगळं गाव बंद, आणि ट्रक श्वास घेतोय असं मला दिसत होतं.  मग त्या उजेडात मला एक हात दिसला, हातात बांगडी, आणि हातात फुंकणी.

आई पुढच्या चाकाशी उकिडवी बसली होती. ट्रकखाली, बरोबर ऑइलच्या चेंबरखाली, तिने निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं सरकवलं होतं. पऱ्हाट्या, कापसाच्या वाळक्या काड्या, जाळून केलेले निखारे. ती फुंकणीने फुंकत होती.

"आई!"

ती दचकली नाही. "उठली काय? थंडी हाय, चादर घे," म्हणाली आणि परत फुंकलं.

मग तिने सांगितलं. ट्रकची बॅटरी म्हातारी झाली तेव्हापासूनची ही रीत. थंडीच्या दिवसांत ऑइल घट्ट होतं, सेल्फ उचलत नाही. म्हणून बाबांच्या आधी उठून आई निखारे करायची आणि घमेलं खाली सरकवून ठेवायची; बाबांचा चहा होईस्तोवर इंजिन कोमट व्हायचं आणि गाडी एका झटक्यात उठायची. कित्येक हिवाळे तिने हे केलं. मला ठाऊकच नव्हतं. मी अमरावतीला निघून गेलेली, सुट्टीत आले तरी उन्हं वर येईपर्यंत झोपणारी. चेंबरची काजळी मी शंभर वेळा पाहिली होती आणि ऑइलची घाण समजले होते. आणि आताही गिऱ्हाइकं यायच्या आधी घमेलं परत चुलीपाशी, राख उकिरड्यावर. त्यात लपवाछपवी नव्हती. रोज ती तसंच करायची.

"पण आता कशाला?" मी ओरडलेच. "आता कोण जाणार आहे गाडी घेऊन?"

आईने फुंकणी खाली ठेवली.

"त्या दिवशी मले ताप होता," ती म्हणाली. "घमेलं घ्याले उठली, तर ते म्हने, पडून राय, मी उठवतो गाडीले. लय सेल्फ मारला त्याइनं. मी आतून आयकून राह्यली होती. मंग उठली गाडी. तशी थंडीच गेली."

"आई, थंड इंजिनानं कोणाला हार्ट अटॅक येत नाही."

"मले मालूम हाय. मी काय येडी हाव काय?"

"मग?"

"त्या दिवसाचं राह्यलं ना माह्यं."

एवढंच. रडली नाही. मला मात्र रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, तुला माहीत होतं ना की गरम गाडी कोणी घेत नाही, बाबांनी जन्मभर हेच तर सांगितलं. म्हणाली, मालूम होतं. मग मला सांगायला काय झालं होतं, मी भीतीनं अर्धी मेले. त्यावर तिने मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू इचारलं कुठं? तू गाडीचीच नाडी पाहून राह्यली होती. सीधी ब्याटरी काढून घेऊन गेली."

मी तिच्याशेजारी खाली बसले. निखाऱ्यांची ऊब तोंडावर येत होती. तू नळापाशी पडलीस तेव्हापासून मला झोप नाही, हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं. बाबा रस्त्याच्या कडेला सकाळभर बसून राहिले आणि कोणाला कळलं नाही, तसं तुझं झालं तर मी काय करू, हेही सांगितलं. आई ऐकत होती. उजाडल्यावर तिने घमेलं बाहेर ओढलं, त्यावर पाणी मारलं. निखारे चर्र करून विझले.

"येऊ दे तुह्या त्या अकोलेवाल्याले," ती म्हणाली.

अकोल्याचा दलाल आला त्या पहाटे कडाक्याची थंडी होती. बॅटरी मी परत आणून बसवून घेतली होती. आई आत पाटावर बसली होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. चूल पेटलेली होती पण ती तिच्याकडे बघत नव्हती. मला आईकडे बघवेना.

दलालाने इंजिनाला हात लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मीही लावला. थंडगार. आठवडे झाले, मी त्या थंडीचीच वाट बघत होते, आणि आता ती हाताला लागल्यावर मला वाटलं की बाबा खरोखर आत्ता गेले. ते सकाळपासून दुपारपर्यंत तिथे एकटे बसले होते, तेव्हा त्यांचा हात असाच लागला असता.

पुढचं सगळं बाबांच्या पद्धतीने झालं. पट्टी, ऑइल, रेडिएटर. मग त्याने सेल्फ मारला. गाडी कण्हली, एकदा, दोनदा, आणि उठली. थोडा पांढरा धूर आला आणि विरला, निळा नाही. त्याने झाकण ढिलं केलं. झाकण जागेवर बसून राहिलं. शेवटी त्याने पिशवीतून सळई काढली, कानामागे धरली, डोळे मिटले. मग काय मनात आलं कोण जाणे, सळई माझ्यापुढे केली.

मी ऐकलं. खोल, सावकाश, एकसारखं. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर सकाळभर हाच आवाज चालला होता आणि येणारे-जाणारे तो ऐकून पुढे जात होते. त्यात कुठेही खोट नव्हती. मला फार भीती वाटली. माणूस गेल्याचं त्या इंजिनाला काही कळलंच नव्हतं. आणि त्याच वेळी घरातून एक ओळखीचा आवाज आला. आईने चुलीवर तवा ठेवला होता.

तिचं तिलाही कळलं नसावं. मी आत गेले तेव्हा ती तव्यावर हात धरून तापला का ते बघत होती, आणि मला पाहून एकदम थांबली. तवा उतरवला नाही. भाकरी केली, पिठल्याबरोबर बांधून दिली. दलाल ट्रकमध्ये चढत होता, त्याच्या हातात तिने ते फडकं ठेवलं.

"भाऊ, थंडीत खालून शेक देत जाजा गाडीले."

"देईन माय," तो म्हणाला. त्याने कारण विचारलं नाही. मला वाटतं, त्या पहिल्या दिवशी हवेचा वास घेतला तेव्हाच त्याला कळलं होतं.

ट्रक गेला. जिथे तो उभा असायचा तिथे जमिनीवर एक काळं, भाजलेलं गोल राहिलं. आईने त्यावर शेण सारवलं आणि त्याच आठवड्यात ती माझ्याबरोबर अमरावतीला आली.

ती रुळली. शेजारणींशी ओळखी झाल्या, विहारात जायला लागली, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागली. मी सुटले असं मला वाटलं. मग पुढची थंडी आली. एका सकाळी मी ऑफिसला निघाले, सवयीने माझ्याच कारच्या बोनेटला हात लागला आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

कोमट होतं.

या वेळी मी पळाले नाही. वर बघितलं. आमचं घर पहिल्या मजल्यावर, खिडकीत आई होती. तिच्या हातात शेकायची रबराची पिशवी होती, माझ्या पाठदुखीसाठी आणलेली. माझ्याकडे बघून ती चटकन आत गेली, चोरी पकडल्यासारखी. माझ्या तोंडावर आलं होतं की आई, ही पेट्रोलची गाडी आहे, हिला शेक लागत नाही, लोक हसतील. बोलले नाही. दार उघडून बसले आणि गेले. त्यानंतर रोज तसंच. मी रोज हात लावायचे, ऊब लागली की निघायचे. याबद्दल आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

पौषातल्या एका सकाळी मला कामासाठी अकोल्याला जायचं होतं. खाली उतरले, हात लावला आणि झटकन मागे घेतला. बोनेट बर्फासारखं थंड होतं.

मी पायऱ्या कशा चढले ते मला सांगता येणार नाही. आई अंथरुणात होती. डोळे उघडे होते, अंग तापाने फणफणलं होतं, आणि एक पाय ती खाली टाकायचा प्रयत्न करत होती. मी तिला धरून परत निजवलं, गोळी दिली, शेजारणीला बोलावून आणलं. शेजारीण म्हणाली, मी बसते दिवसभर, तुम्ही जा. पण आईने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"उठता नाई आलं मले," ती म्हणाली. "थंडी हाय ना गाडी?"

मी काहीतरी सांगू शकले असते. नाही आई, गरम आहे, मी पाहिलं. तापातल्या माणसाला खोटं बोलायला किती वेळ लागतो. पण आमच्या घरात गाडीच्या बाबतीत कोणी कोणाला खोटं सांगत नाही.

"हो, थंड आहे," मी म्हटलं. "तू पडून राहा. मी बघते."

स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापवलं. पिशवी भरली, झाकण घट्ट केलं, खाली गेले. पिशवी बोनेटवर ठेवली, वरून माझी शाल टाकली आणि तिथेच उभी राहिले. वॉचमन बघत होता. दूधवाला बघत होता. बघू दे. धुक्यात कुठेतरी एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता, त्याचा आवाज येत होता, आणि मला त्याची भीती वाटत होती. पण मी उभी राहिले. पत्र्याला ऊब लागेपर्यंत उभी राहिले.

मग वर गेले आणि आईच्या कपाळाला हात लावला.

"हात लावून पाहिला आई. गरम आहे गाडी."

"तू पाह्यलं?"

"मी पाहिलं."

तिने माझं मनगट सोडलं. "मंग जाय," म्हणाली.

मी गेले, आणि संध्याकाळी परत आले.